सदर वाहनाचे मंदत्व

‘सदर वाहनाच्या वेगवाढीतील मंदत्व कोणत्याही यांत्रिक दोषामुळे उद्भवलेले नसून, ते चालकाच्या हेतुपुरस्सर कामचुकारपणाचे फलित आहे.’

मित्रांनो, हे वाक्य नऊ फेब्रुवारी एकोणीसशे सत्त्याऐंशी रोजी गडचिरोलीतल्या एका वनोपज खरेदी संघाच्या कार्यालयात टंकलिखित झाले. त्यातले ‘सदर वाहन’ म्हणजे मी, आणि ‘चालक’ म्हणजे गुणवंतराव उंदिरवाडे. वाक्य उत्तम बांधलेले आहे. आत काय आहे ते उघडून पाहण्याची कोणाला इच्छाच होऊ नये, इतके ते घट्ट आहे. मी मात्र ते उघडणार आहे. मंदत्व होते, हे खरे. यांत्रिक दोष नव्हता, हेही खरे. दोन खऱ्या गोष्टींच्या मधोमध चालत तिसरी खोटी गोष्ट सभ्य माणसासारखी आत शिरते, ही कागदांच्या राज्यातली जुनी रीत आहे. उरला शब्द ‘हेतुपुरस्सर’. दुसऱ्याच्या मनातला हेतू लिहिणाऱ्याला कसा दिसला, याविषयी अहवालात एक ओळही नाही. ज्याला झडप तपासता येत नाही त्याला माणसाचे मन तपासता येते, अशी काही कार्यालयांची श्रद्धा असते.

मी एक लहान, पांढरी, चार दारांची मोटार आहे, आता जुनी. चार वर्षांची मोटार जुनी कशी, असे तुम्ही विचाराल. कुरखेड्याच्या आणि अहेरीच्या रस्त्यांवर चार पावसाळे काढलेल्या वाहनाचे वय वेगळ्या रीतीने मोजावे लागते.

माझा जन्म दूर उत्तरेतल्या एका कारखान्यात झाला. माझ्याबरोबर त्या दिवशी जन्मलेल्या बहुतेक बहिणी मोठ्या शहरांत गेल्या. मी पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका मालमोटारीच्या पाठीवर बांधली जाऊन बल्लारपूरमार्गे गडचिरोलीला आले. जिल्हा तेव्हा नवा होता, कार्यालये नवी होती, खुर्च्यांवरचे प्लॅस्टिकही निघालेले नव्हते. जंगलात जाणारी कार्यालये जीप घेतात; आमच्या व्यवस्थापकांना जीप ही कनिष्ठांची गाडी वाटे, म्हणून त्यांनी मला मागवले. अहेरीच्या आठवडी बाजारात लोक माझ्याभोवती जमत. ‘काय डबी आहे जी!’ असे म्हणत ते माझ्या छतावर टिचकी मारून पाहत. मला त्या नावाचा राग आला नाही. डबी लहान असते, पण तिचे झाकण नीट लागते.

गुणवंतराव माझे पहिले आणि एकमेव चालक. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली चांद्याला धम्मदीक्षा घेतली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत राबलेल्या त्या माणसाने मुलाला मॅट्रिकपर्यंत शिकवले, आणि मुलाने गाडी चालवण्याचा परवाना मिळवला. संघातली ही नोकरी त्या घरातली पहिली कायम नोकरी होती. त्यांची पत्नी वच्छला सणासुदीला मला पाहायला येई आणि नेहमी एकच प्रश्न विचारी, ‘आज कुठी कुठी हिंडली ही?’ जणू मी घरातलीच एखादी हिंडफिरी मुलगी होते.

गुणवंतराव रोज सकाळी माझे तेल पाहत, पाणी पाहत, चाकांत हवा पाहत. लाल धुळीच्या प्रवासातून परतले की हवेची जाळी काढून झटकत. पहिले दीड वर्ष मी त्यांच्या पायाच्या इशाऱ्याबरोबर धावले. ते सुख सांगता येत नाही. यंत्राला हेतू नसतो, पण समाधान असते. चाक, झडप, तेल आणि चालकाचा पाय यांचे एकमत झाले की ते उत्पन्न होते.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर कुरखेड्याला बांबूकामाचे प्रदर्शन भरले. तिथे विणकर बायकांनी व्यवस्थापकांचा सत्कार केला आणि त्यांना एक चटई भेट दिली. ती सुगंधाबाईंनी विणली होती. पन्नाशीच्या या बाईंच्या हाताची पाती इतकी बारीक निघे की चटईवर हात फिरवला तरी कुसळ लागत नसे. पाहुण्याला ओसरीवर बसवावे, यासाठी ती चटई होती. व्यवस्थापकांनी ती घरी नेली नाही. माझ्या पुढच्या जागेत, ते स्वतः बसत त्या बाजूपासून चालकाच्या पायांपर्यंत, ती अंथरण्याचा त्यांनी तोंडी हुकूम दिला. चटई लांब होती, जागा आखूड होती. म्हणून ती दुमडून दुहेरी करण्यात आली आणि पुढे आतपर्यंत सारण्यात आली.

मित्रांनो, माझ्या आजाराचे निदान मी तुम्हाला इथेच सांगून टाकते, कारण ते तुमच्यापासून लपवण्याचे मला काही कारण नाही. दुमडलेल्या चटईची जाड घडी ॲक्सिलरेटरच्या खाली गेली. पाय पूर्ण दाबला तरी तो अर्ध्या वाटेवर चटईला टेकू लागला. पायाला वाटे, तळ आला. कार्बोरेटरमधली झडप अर्धीच उघडे, मला अर्धाच श्वास मिळे, आणि चढ आला की मी धापा टाकी. एवढेच. मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मला बोलता येत नव्हते, आणि ज्यांना बोलता येत होते ते अहवाल लिहीत होते.

तुम्ही म्हणाल, गुणवंतरावांना हे कळले कसे नाही? त्याचे उत्तर त्यांच्या सभ्यतेत आहे. ती सत्काराची चटई. तिच्यावर चप्पल घालून पाय कसा ठेवायचा? म्हणून ते अनवाणी गाडी चालवीत. आणि साहेब गाडीत नसले की ते चटई काढून गुंडाळून मागच्या बाकावर ठेवीत. गाडी धुवायला काढली, चटई बाहेर. मिस्त्रीकडे नेली, चटई बाहेर; मिस्त्रीचे तेलकट पाय तिच्यावर पडू नयेत. आदर म्हणून ते जे जे करीत, त्याने रोगाचे कारण दर वेळी तपासणीच्या आधीच दूर होई. साहेब बसले की चटई अंथरली जाई, मी मंद होई. साहेब उतरले की चटई निघे, मी धावू लागे. यातून कोणता निष्कर्ष निघेल? जो मनात आधीच तयार असेल, तोच.

जानेवारीत बेडगावच्या घाटात तो प्रसंग घडला. व्यवस्थापकांना कोरचीला पोहोचायचे होते. त्यांच्याही वरचे साहेब तिथे येणार होते. पुढे बांबूने लादलेला एक ट्रक रांगत चालला होता. गुणवंतरावांनी तीनदा त्याला ओलांडण्याचा प्रयत्न केला. तीनही वेळा मी ट्रकच्या बरोबरीला आले आणि मागे पडले.

“झोपला आहेस का?” व्यवस्थापक म्हणाले.

“पूर्ण दाबून राह्यलो, साहेब. गाडी उचलतच नाई.”

“परवा मी खिडकीतून पाहिलं. पंपावर पेट्रोल भरायला गेलास तेव्हा बरी उचलत होती. मी बसलो की तुझा पाय जड होतो.”

गुणवंतरावांनी गिअर उतरवला. व्यवस्थापक बाहेर पाहत, कोणालाही उद्देशून नसल्यासारखे म्हणाले, “सवलतीतून आलेली माणसं. नोकरी मिळते, काम करण्याची सवय कुठून मिळणार?”

मित्रांनो, आम्ही मोटारी माणसांचे पुष्कळ बोलणे ऐकतो. हे वाक्य मी विसरले नाही. ते बोलणाऱ्याच्या पायाजवळ, त्याच्याच हुकुमाने, माझ्या मंदत्वाचे कारण घडी करून ठेवलेले होते.

कोरचीला आम्ही उशिरा पोहोचलो. दुसऱ्या आठवड्यात माझी रवानगी बल्लारपूरला झाली. तिथे कागद गिरणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर लहानू मिस्त्रींचे गॅरेज होते. गुणवंतरावांनी नेहमीप्रमाणे चटई गुंडाळून बाजूला ठेवली.

लहानू मिस्त्रींच्या कामात मला खोट काढता येत नाही. फक्त त्यांचे काम एका टोकाकडून झाले. त्यांनी प्लग काढून काजळी पुसली, पॉइंटची फट पत्ती घालून मोजली, कार्बोरेटर उघडून जेटमधून हवा फुंकली, पेट्रोलची गाळणी बदलली. मागची चाके उचलून हाताने फिरवून ब्रेक धरतात का ते पाहिले. क्लच घसरतो का, हे पाहण्यासाठी हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच सोडला. इंजिन तत्काळ बंद पडले, म्हणजे क्लच निर्दोष. शेवटी त्यांनी कार्बोरेटरचा खटका बोटाने ओढून झडप पूर्ण उघडते हेही पाहिले. बोटाने ओढून. पायाने दाबून कोणीच पाहिले नाही. मग ते मला चंद्रपूरच्या रस्त्यावर चार मैल पळवून आले.

“भाऊ, गाडी तं हरणावानी पयते. रोग गाडीले नाई, तुमच्या साहेबाले असन.”

“हासू नका, मिस्त्री. इथी पयते, अन् साहेब बसले का म्हशीवानी चालते. मी फेऱ्याच्या वहीत काय लिहू? साहेबाचं वजन लय आहे म्हणू?”

“लिहा ना. माहा काय जाते?”

दोघे हसले. पण मिस्त्रींनी लिहून दिलेला कागद हसण्यासारखा नव्हता. ‘गाडी तपासली. कोणताही दोष नाही.’ खरे आणि प्रामाणिक असे हे वाक्य गुणवंतरावांनी स्वतःच्या हाताने कार्यालयात नेऊन दिले. त्याच्यावरूनच पुढे नऊ फेब्रुवारीचा तो पहिला अहवाल व्यवस्थापकांच्या सहीने तयार झाला. वीस फेब्रुवारीला दुसरा कागद आला: चालकास सेवेतून का काढू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा. त्याही कागदावर व्यवस्थापकांची सही होती.

त्या दिवशी गुणवंतरावांनी माझी काच पुसली ती फार वेळ पुसली. वच्छला फाटकाशी डबा घेऊन आली होती.

“काय लिहिलं त्या कागदात?”

“लिहिलं का मी मुद्दाम करतो.”

“मंग तुमी लिहा का नाई करत.”

“तेवढ्यानं होत नाई ना, वच्छला. त्याहीन लिहिलं ते मशीनवर छापलं आहे. मी लिहिन ते माह्या हातचं.”

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मोहफुलांच्या खरेदीची व्यवस्था पाहण्यासाठी आम्ही कुरखेड्याला गेलो. साहेब बसलेले, चटई अंथरलेली, मी कण्हत असलेली. खरेदी केंद्रापुढे व्यवस्थापक उतरून आत गेले. गुणवंतराव पाण्याची बाटली घ्यायला दार उघडून वाकले, तेवढ्यात समोरून सुगंधाबाई आल्या. त्यांची नजर माझ्या तळाकडे गेली आणि तिथेच थांबली.

“अजी गुणवंतभाऊ! हे काय करून राह्यले तुमी? ही चटई बसाले देल्ली होती, पायाखाली घालाले नाई.”

“मी चप्पल काहाडून चालवतो, बाई.”

“पाय बी नाई पायजे! अन् दुमडली काऊन? दुमडल्यानं कमची मोडते. काढा ते.”

“साहेबाचा हुकूम आहे जी.”

“मंग साहेबालेच दुमडून ठेवा तिथी.”

असे म्हणून त्यांनी स्वतःच हात घातला, चटई ओढून बाहेर काढली, उलगडली आणि झटकली. घडीच्या रेषेवर बांबूच्या कमच्या मोडल्या होत्या, आणि एका जागी, घडीच्या वरच्या अंगाला, अंगठ्याएवढा काळा गुळगुळीत डाग पडला होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवले.

“हे काय घासलं इथी?”

गुणवंतरावांनी पाहिले. ते माझ्या दाराशी गुडघे टेकून बसले. हाताने ॲक्सिलरेटर दाबला. तो खाली गेला, आणखी खाली गेला, आणि कितीतरी दिवसांनी लोखंडाच्या तळाला जाऊन टेकला. त्यांनी तो सोडून पुन्हा दाबला.

“काय झालं, भाऊ?”

“काई नाई, बाई. पाय कुठवर जाते ते पाहून राह्यलो.”

“माही चटई मी घेऊन चालली,” सुगंधाबाई म्हणाल्या. “साहेबाले सांगा, सुगंधानं नेली. तिच्यावर बसाच्या लायकीचा मानूस भेटला का देईन वापस.”

परतीच्या वाटेवर साहेब बसलेले होते, चालवणारे गुणवंतराव होते, आणि चटई नव्हती. अहवालात ज्या दोन गोष्टी एकत्र आल्या की मी मंद होते असे सिद्ध झाले होते, त्या दोन्ही हजर होत्या. आणि मी वैरागडच्या वळणापुढे दोन बैलगाड्या आणि एक एसटी अशी सहज मागे टाकली की खुद्द मलाच जुने दिवस आठवले.

“चटई कुठे आहे?” व्यवस्थापकांनी विचारले.

“सुगंधाबाईनं नेली जी.”

गाडी का धावते आहे, हे व्यवस्थापकांनी विचारले नाही. मला त्याचे नवल वाटले नाही. का, ते शेवटी कळेल.

खुलासा गुणवंतरावांनी स्वतःच्या हाताने लिहिला, एका पानाचा. त्यात विशेषण एकही नव्हते. चटई होती तेव्हा काय घडले, नव्हती तेव्हा काय घडले, आणि हे कोणालाही पाहता येईल. संघाच्या संचालकांनी चौकशीसाठी निवृत्त नायब तहसीलदार नानाजी मडावी यांना नेमले. उंच, सावकाश बोलणारे, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा असलेले गृहस्थ. त्यांनी खोलीत बसण्यास नकार दिला. “गाडीची चौकशी गाडीपाशी,” असे म्हणून त्यांनी कागद माझ्या बॉनेटवर मांडले. आयुष्यात मला मिळालेला सर्वांत मोठा मान हाच, असे मी मानते.

सुगंधाबाई चटई घेऊन कुरखेड्याहून एसटीने आल्या. लहानू मिस्त्री बल्लारपूरहून आले. येताच त्यांनी गुणवंतरावांचा हात धरला. “भाऊ, माह्या कागदानं तुमचा घात केला. मी बोटानं पाह्यलं, पायानं पाहाले पायजे होतं.” चूक कबूल करायला त्यांना दोन वाक्ये पुरली.

तपासणीला पाच मिनिटे लागली. इंजिन बंद ठेवले. कागद उचलून बॉनेट उघडले, हवेची जाळी काढली. नानाजी कार्बोरेटरवर वाकले. गुणवंतराव आत बसले.

“दाबा.”

झडप पूर्ण उघडली.

“आता चटई घाला. होती तशी दुमडा.”

“आखरी डाव दुमडून राह्यली,” सुगंधाबाई पुटपुटल्या. “पुन्हा कोणी सांगितलं तं मी नाई.”

“दाबा.”

झडप अर्ध्यावर थांबली. नानाजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग त्यांनी व्यवस्थापकांना बोलावून तीच झडप दाखवली आणि म्हणाले, “साहेब, ही मुद्दाम करते का?”

मित्रांनो, त्या दिवसाला आता दोन वर्षे झाली. गुणवंतराव नोकरीत आहेत आणि मलाच चालवतात. चप्पल घालून चालवतात. व्यवस्थापकांची बदली झाली. नव्या व्यवस्थापिका मागच्या बाकावर बसतात आणि पायाखाली काही अंथरत नाहीत. माझ्या दारांना पावसाळ्यात गंज धरतो, डावा दिवा थोडा तिरळा झाला आहे, पण चढ आला की मला भीती वाटत नाही. अहेरीच्या बाजारात लोक अजून डबी म्हणतात. मी सुखी आहे.

माझ्या जातीच्या वस्तूंना शेवटी उपदेश करण्याची मुभा असते, ती मी थोडी वापरते. एखादे यंत्र मंदावले, तर ते ज्या अवस्थेत मंदावते त्याच अवस्थेत तपासा. तपासणीसाठी आवरून, सजवून, झटकून नव्हे. ज्या पायाने ते चालते त्याच पायाने दाबून पाहा. तेल, हवा, पाणी वेळेवर द्या. आणि एखाद्या माणसाविषयी निर्णय लिहिण्यापूर्वी, एका प्लगवर तुम्ही जेवढा वेळ घालवता तेवढा तरी त्याच्यावर घालवा.

परंतु जे शिकण्यासारखे आहे ते माझ्या उपदेशात नाही. झडप दाखवून झाल्यावर नानाजींनी माझ्या फेऱ्यांची नोंदवही मागितली होती. पंधरा फेब्रुवारी, रविवार: गुणवंतराव रजेवर, गाडी अहेरीला जाऊन आलेली, नोंद व्यवस्थापकांच्या अक्षरात. जाताना चार तास. येताना तोच रस्ता अडीच तासांत. त्या नोंदीवर बोट ठेवून त्यांनी व्यवस्थापकांना जे विचारले, आणि माझ्या बॉनेटवर जे उतरवून घेतले गेले, ते मी एक अक्षरही न बदलता देते.

‘प्रश्न : परत येताना गाडी वेगाने कशी आली?

उत्तर : अहेरीहून निघाल्यावर चढावर गाडी ओढेना, म्हणून मी थांबून खाली वाकून पाहिले. ॲक्सिलरेटर चटईला टेकत होता. मी चटई काढली. गाडी व्यवस्थित चालू लागली.

प्रश्न : चटई नंतर कोठे ठेवली?

उत्तर : कार्यालयात पोहोचल्यावर होती तशी दुमडून पुन्हा अंथरली.

प्रश्न : कारण समजल्यानंतर पुन्हा का अंथरली?

उत्तर : पहिल्या अहवालावर माझी सही झालेली होती.’